पाठवलेली माणसं

गोव्यातल्या चोपड्यात मी ज्या घरी उतरले होते, त्याच्या मागीलदारी दोन माडांच्या मधे काथ्याची दोरी बांधलेली आहे. पहिल्या सकाळी अंघोळ उरकून मी तिच्यावर माझा कांगा वाळत घातला. लाल-काळं कापड, मधे काजूच्या बोंडांची नक्षी आणि खालच्या काठाला छापलेली एक ओळ. घरच्या आजी पेजेचं भांडं घेऊन बाहेर आल्या, कापडाचा काठ बोटांत धरून उभ्या राहिल्या. त्या मराठी शाळेत तिसरीपर्यंत शिकलेल्या, आणि ओळ रोमी लिपीत.

"काय लिहिलंय गो त्याच्यार?"

मी वाचून दाखवलं. म्वाचा मीला नी म्तुम्वा. स्वाहिली म्हण आहे ही, जो आपली रीत सोडतो तो गुलाम.

आजींनी काठ सोडला. "रीत सोडली म्हणून गुलाम होतो, की गुलाम झाल्यावर रीत सुटते?" असं म्हणून त्या आत गेल्या. पुढचे चार दिवस मी पेडणे, डिचोली, सत्तरीत जिथे जिथे फिरले तिथे हा प्रश्न माझ्याबरोबर होता.

नवऱ्याच्या नोकरीनिमित्त मी काही वर्षं दार-ए-सलामला राहिले. तिथून परत येताना सामानात एक वही आली. बाजारात भाजी विकणाऱ्या बायकांकडून, शेजारणींकडून, बसच्या मागच्या पाट्यांवरून उतरवून घेतलेल्या म्हणींची वही. सुरुवातीला मी तिच्यावर 'आफ्रिकी म्हणी' असं लिहिलं होतं. पुढे ते खोडून 'स्वाहिली' केलं. आफ्रिकेत दोन हजारांच्या घरात भाषा आहेत. घानातल्या अकान म्हणीला आणि दक्षिणेतल्या झुलू म्हणीला एकाच नावाखाली कोंबणं म्हणजे तुकोबांच्या देहूची आणि टोकियोची म्हण 'आशियाई' म्हणून एका ताटात वाढण्यासारखं. सकाळच्या शुभेच्छांबरोबर मोबाइलवर येणाऱ्या 'आफ्रिकन म्हणी' पाहिल्या की मला वाईट वाटतं. ज्यांनी त्या घडवल्या त्यांचं गाव, त्यांची भाषा, सगळं पुसून टाकलेलं असतं.

कांगा हे पूर्व आफ्रिकेतल्या बायकांचं वस्त्र. नेहमी जोडीनं विकलं जातं, एक कमरेला आणि एक डोक्या-खांद्यावर. काठावरच्या ओळीला तिथे कापडाचं 'नाव' म्हणतात. जे सवतीला, सासूला, नवऱ्याला तोंडावर सांगता येत नाही ते नेसून सांगायचं. आपल्या बायकांनी जात्यावरच्या ओव्यांतून जे केलं, तेच त्यांनी कापडाच्या काठावर केलं. केनियाच्या किनाऱ्यावर याच कापडाला लेसो म्हणतात. तो शब्द रुमालासाठीच्या पोर्तुगीज शब्दावरून आला, कारण एकोणिसाव्या शतकात मोंबासा-झांझिबारच्या बायका मोठे छापील रुमाल एकमेकांना जोडून शिवत आणि अंगावर घेत. गोव्यात आजही रुमालाला लेंस म्हणतात. लेंस आणि लेसो, एकाच शब्दाची दोन लेकरं, एक इथे वाढलं आणि एक तिथे.

स्वाहिलीत अशी ओळखीची माणसं सारखी भेटत राहतात. दुकानाला दुका, पैशाला पेसा, गाडीला गारी, रंगाला रांगी, लाखाला लाकी. कांदा-टोमॅटोच्या कोशिंबिरीला काचुंबारी. माझी पहिली पाठ झालेली म्हण होती 'हराका हराका हाइना बराका', म्हणजे घाईघाईत बरकत नसते. हा बराका आपलाच बरकत. अरबी गलबतांवरून तो त्यांच्याकडे गेला आणि आपल्याकडेही आला. 'हाबा ना हाबा हुजाझा किबाबा' ही दुसरी. किबाबा हे धान्याचं माप, थोडं थोडं टाकत गेलं की माप भरतं. आपण तळं साचवतो, ते माप भरतात. ज्यानं आयुष्यभर दुसऱ्याच्या हातून धान्य मोजून घेतलं त्याच्या डोळ्यांसमोर माप येणारच.

चोपड्याला यायचं कारण नदी. तिलारीच्या डोंगरातून उतरलेली ही शापोरा नदी इथे रुंद होते, भरतीच्या वेळी निळसर-करडी दिसते. पलीकडे शिवोली. आता पूल आहे, गाड्या मोरजीच्या किनाऱ्याकडे धावत असतात. पूर्वी इथे फेरीबोट होती. पलीकडचा बारदेश पोर्तुगीजांच्या हाती 1543मध्ये गेला, आणि अलीकडचं पेडणे 1788मध्ये. म्हणजे 245 वर्षं हे पाणी सरहद्द होतं. पलीकडे पोर्तुगालचा राजा, अलीकडे आधी विजापूर आणि मग वाडीकर सावंत. शिवोलीत चर्चचे मनोरे आणि चोपड्यात घरोघर तुळशीवृंदावनं, हा फरक याच पाण्यानं घडवला.

दुसऱ्या दिवशी पूल ओलांडून शिवोलीत गेले. शिवोली, आसगाव, हडफडे, साळगाव या बारदेशच्या गावांत एक शब्द कानावर येतो, 'आफ्रिकार'. नैरोबी, कंपाला, दार-ए-सलाम, झांझिबारला नोकरीधंद्याला गेलेला गोवेकर तो आफ्रिकार. 1896 ते 1901 या काळात ब्रिटिशांनी मोंबासाहून आत व्हिक्टोरिया सरोवराकडे रेल्वे बांधली, त्या सुमारापासून गोव्याचे कारकून, शिंपी, आचारी, वाजंत्री तिकडे जाऊ लागले. जुन्या घरांच्या दिवाणखान्यात अजून शिसवी लाकडातले हत्ती आणि मसाई भाले दिसतात. त्यातल्याच एका घरी माझ्या ओळखीच्या ओळखीनं एक आंटी भेटल्या. जन्म कंपालाचा, वडील शिंपी. माझी स्वाहिली ऐकून त्यांनी दोन्ही हातांनी माझे हात धरले. त्यांच्याशी त्या भाषेत बोलणारं गावात आता कुणी उरलेलं नाही.

मी त्यांना माझी आवडती म्हण ऐकवली. 'म्गेनी सिकू म्बिली, सिकू या तातू म्पे जेंबे.' पाहुणा दोन दिवसांचा, तिसऱ्या दिवशी त्याच्या हातात कुदळ द्या. आपल्याकडेही तीन दिवसांचा हिशेब आहे, पण तिसऱ्या दिवशी राही त्याची अक्कल जाई, असं म्हणून आपण पाहुण्याला वाट दाखवतो. स्वाहिली म्हण त्याला शेतात नेते. कुदळ हातात आली की तो पाहुणा राहत नाही, घरचा होतो. मला यात फार मोठं मन दिसत आलं आहे.

आंटी ऐकून गप्प झाल्या. मग म्हणाल्या, "माझ्या पप्पांनी कुदळ नाही, सुई धरली. चाळीस वर्षं धरली. तेही कामच ना?"

ऑगस्ट 1972मध्ये इदी अमीननं आशियाई लोकांना युगांडातून निघून जायला नव्वद दिवस दिले. शिवणयंत्र तिथेच राहिलं. म्हण खोटी पडली असं मला तेव्हा वाटलं, पण आंटींचं म्हणणं वेगळं होतं. त्यांच्या मते गोरे साहेब वर, काळे लोक खाली आणि मधल्या पायरीवर आपण, ही शिडी ब्रिटिशांनी मांडली, आणि आपल्यातले बहुतेक जण त्या पायरीवर मुकाट बसून राहिले. "आम्ही जेवायला बसलो, पण त्यांच्या पंगतीला नाही." हे बोलताना त्यांच्या आवाजात कडवटपणा नव्हता.

पायरीवरून उतरून त्या पंगतीला बसलेलेही होते. नैरोबीत 1927मध्ये जन्मलेला पियो गामा पिंटो शिक्षणासाठी भारतात आला, गोव्याच्या मुक्तीच्या चळवळीत पडला, अटक टाळण्यासाठी केनियात परतला आणि तिथल्या स्वातंत्र्याच्या लढ्यात उतरला. ब्रिटिशांनी त्याला 1954पासून कित्येक वर्षं डांबून ठेवलं. केनिया स्वतंत्र झाल्यावर, 24 फेब्रुवारी 1965ला नैरोबीत त्याला गोळ्या घातल्या गेल्या. जोझेफ मुरुंबी 1966मध्ये केनियाचे उपराष्ट्राध्यक्ष झाले, त्यांचे वडील गोव्याचे आणि आई मसाई. बारदेशात जन्मलेले आकिनो द ब्रागांसा मोझांबिकच्या मुक्तिलढ्यात इतके मिसळले की 19 ऑक्टोबर 1986ला राष्ट्राध्यक्ष सामोरा माशेल यांचं विमान कोसळलं तेव्हा ते त्याच विमानात होते. ही नावं गोव्याच्या आणि महाराष्ट्राच्याही शाळेत मुलांना सांगायला हवीत असं मला मनापासून वाटतं.

परतताना आसगावातून आले. मोन्सेन्योर सेबास्त्यांव रुदोल्फ दालगाद इथले, जन्म 1855चा. कोकणीचे आणि पोर्तुगीज-आशियाई शब्दांचे मोठे अभ्यासक. आजारपणात दोन्ही पाय गेले तरी शब्द वेचत राहिले, आणि 1922मध्ये, मृत्यूच्या वर्षी, कोकणी म्हणींचा संग्रह प्रसिद्ध करून गेले. मिशनरी टेलरनं मोंबासाच्या किनाऱ्यावरच्या स्वाहिली म्हणी 1891मध्ये छापल्या होत्या, मॅनवेरिंगनं मराठी म्हणी 1899मध्ये. एकतीस वर्षांत एकाच समुद्राच्या तीन काठांवरच्या म्हणी पुस्तकात आल्या, आणि तिन्ही वेळा वेचणारा हात पाद्र्याचा होता. लोकांची रीत बदलायला निघालेल्या धर्मसंस्थेच्या माणसांनीच लोकांच्या रितीचं बोलणं जपून ठेवलं. आजींचा प्रश्न इथे आणखी अवघड झाला.

तिसऱ्या दिवशी आगरवाडा, पार्सेमार्गे पेडण्याला गेले. भगवती मंदिराच्या दाराशी दोन काळे दगडी हत्ती आहेत, जवळजवळ खऱ्या हत्तीएवढे. कोजागरीच्या जत्रेत त्यांच्या पायांशी माणसांचा समुद्र असतो. त्या दिवशी मात्र एक म्हातारा आणि दोन शेळ्या एवढेच होते. हत्तींच्या मधे उभी राहिले आणि वहीतली ओळ आठवली. 'वापिगानापो तेंबो वाविली, न्यासी हुउमिया.' दोन हत्ती झुंजतात तेव्हा गवताला इजा होते. आपली सुक्याबरोबर ओलंही जळतं ही म्हण जवळची, पण आगीला कुणी जाब विचारत नाही. हत्तीला विचारता येतो.

पेडणे महाल हे असंच गवत होतं. कोल्हापूरकर छत्रपती आणि सावंतवाडीचे खेम सावंत यांची झुंज चालली होती. कोल्हापूरकरांच्या रेट्यापुढे पोर्तुगीजांची मदत हवी, म्हणून 1788मध्ये वाडीकरांनी पेडणे त्यांना देऊन टाकलं. चोपड्याचा कुळवाडी रात्री एका राज्यात झोपला आणि सकाळी दुसऱ्यात उठला, त्याला कुणी विचारलं नाही. नव्या काबिजादीतल्या, म्हणजे नंतर मिळवलेल्या महालांतल्या, लोकांच्या धर्माला हात लावायचा नाही एवढं पोर्तुगीज तोवर शिकले होते, म्हणून भगवतीचे हत्ती जागेवर राहिले.

आता काठावरच्या त्या शब्दाबद्दल. स्वाहिलीत 'तुमा' म्हणजे पाठवणं आणि 'तुम्वा' म्हणजे पाठवलं जाणं. म्तुम्वा, म्हणजे गुलाम, याचा मूळ अर्थ 'पाठवला गेलेला'. प्रेषिताला ते म्तुमे म्हणतात, तोही त्याच धातूपासून. एक देवानं पाठवलेला, एक माणसानं. गुलामीची इतकी नेमकी व्याख्या मला दुसऱ्या कुठल्या भाषेत सापडलेली नाही. त्यात साखळदंड नाहीत, मार नाही. कुठे जायचं हे ज्याचं त्याच्या हातात नाही, तो गुलाम.

मोझांबिकचा कारभार 1752पर्यंत गोव्यातून चालत असे. तिथला अधिकारी गोव्याच्या व्हाइसरॉयला जबाबदार होता. दीव-दमणचं कापड तिकडे जाई आणि हस्तिदंत, सोनं, माणसं इकडे येत. 1583 ते 1588 या काळात गोव्यात राहिलेल्या लिन्शोटेन या डच माणसानं माणसांची ती विक्री पाहिली आणि लिहून ठेवली. मोझांबिकहून आणलेल्यांना इथे खाप्री म्हणत. अरबी काफिरावरून पोर्तुगीज काफ्र, त्यावरून खाप्री. गोव्याच्या हॉटेलांत मिळणाऱ्या काफ्रियाल कोंबडीच्या नावात तो माणूस अजून आहे. आपल्या मोसंबीच्या नावात तर अख्खं मोझांबिक आहे. आजाऱ्याच्या उशाशी आपण ती सोलून ठेवतो, पण नाव कुठून आलं हे मनात येत नाही.

पळून जाणाऱ्या गुलामाला हद्द ओलांडावी लागे. बारदेशातून उत्तरेची हद्द म्हणजे चोपड्याचं हे पाणी, दक्षिणेला आणि पूर्वेला घाटाचं रान. उत्तर कन्नड जिल्ह्यात यल्लापूर, हल्याळ, मुंडगोडच्या जंगलांत राहणाऱ्या सिद्दींत गोव्याहून निसटलेल्यांचे वंशज आहेत. कुणी हिंदू, कुणी मुसलमान, कुणी ख्रिस्ती, आणि घरात बोलतात ती कोकणी. 2003मध्ये त्यांना अनुसूचित जमातीचा दर्जा मिळाला. त्यांच्या रिती किती सुटल्या आणि किती राहिल्या, हे कांग्याच्या एका ओळीत बसणारं नाही. इथिओपियात जन्मलेला, बाजारात विकला गेलेला मलिक अंबर निजामशाहीचा वजीर झाला, त्यानं खडकी वसवली, मुघलांच्या फौजांना दख्खनमध्ये वर्षानुवर्षं थोपवून धरलं, हे आपण अभिमानानं सांगतो. सांगावंच. पण एक अंबर सांगताना ज्यांना नावच उरलं नाही त्यांच्यावरून आपण भरभर पुढे जातो, हे मला आता खुपतं.

चौथ्या दिवशी डिचोलीवरून वाळपईच्या बाजूला, नाणूसला गेले. म्हादईच्या खोऱ्यातला हा किल्ला, जांभ्या दगडाचं थोडंफार बांधकाम, बाकी झाडी. सत्तरीच्या राणे घराण्याच्या बंडांत या जागेचं नाव पुन्हा पुन्हा येतं. दीपाजी राण्यांनी 1852मध्ये इथूनच सुरुवात केली. मला मात्र 1895चं साल इथे घेऊन आलं होतं. त्या वर्षी मोझांबिकच्या दक्षिणेला गाझाचा राजा गुंगुन्याना याच्याशी पोर्तुगीजांचं युद्ध पेटलं, आणि गोव्यातल्या मराठा शिपायांना हुकूम झाला, आफ्रिकेला निघा. शिपायांनी नकार दिला. समुद्र ओलांडला की धर्म बुडेल ही भीती होती, मागे बायकापोरांचं काय ही होती. सप्टेंबरमध्ये ते हत्यारांसह बाहेर पडले, नाणूसला आले, आणि दादा राण्यांच्या नेतृत्वाखाली राणे त्यांना मिळाले. बंड मोडायला पोर्तुगालहून राजाचा भाऊ फौज घेऊन आला.

गुंगुन्यानाबद्दल या शिपायांना आपुलकी असण्याचं कारण नव्हतं, त्याचं नावही त्यांनी धड ऐकलं नसेल. तरी एक गोष्ट त्यांनी केली, पाठवले जायला नाही म्हटलं. तिकडे गुंगुन्याना त्या वर्षाच्या 28 डिसेंबरला चाइमितेत पकडला गेला. त्याला अटलांटिकमधल्या असोरिश बेटांवर पाठवलं, आणि 1906मध्ये तो तिथेच मेला. त्याच्या आजोबांच्या, सोशांगाने यांच्या नावावरून त्या मुलखातल्या लोकांना आणि त्यांच्या भाषेला शांगाना म्हणतात. दार-ए-सलामला आमच्या वरच्या मजल्यावर मापुतोची एक बाई राहायची, ती घरात शांगाना बोलायची. दोन-चार शब्द मीही तिच्याकडून उचलले होते.

संध्याकाळी चोपड्याला परतले तेव्हा आजींनी कांगा घडी करून माझ्या पिशवीवर ठेवला होता. ओट्यावर बसून मी त्यांना नाणूसचं सांगत होते, आफ्रिकेला जायचं नाकारलेल्या शिपायांचं. त्या ऐकत होत्या. मग म्हणाल्या, "आणि तिकडचे इकडे आणले ते?"

ते मला माहीत होतं. 1954 नंतर गोवामुक्तीच्या सत्याग्रहाची धग वाढली तेव्हा पोर्तुगालच्या सालाझार सरकारनं आफ्रिकेतल्या वसाहतींमधून सैनिक गोव्यात आणले. पत्रादेवीला 15 ऑगस्ट 1955ला सत्याग्रहींवर गोळ्या चालल्या, ती जागा याच तालुक्यात. आजी तेव्हा दहा-अकरा वर्षांच्या. गावात गोऱ्या सोल्दादांना पाकले म्हणत आणि काळ्यांना खाप्री. पोर रडलं की खाप्री येईल म्हणून गप्प करत.

"एकदा खरंच आला," आजी म्हणाल्या. "दोघे होते. उन्हाचे. आमच्या बांवीकडे उभे राहिले. एक तर मिशीसुद्धा न फुटलेला पोर. दुसऱ्याला सारखं सांगत होता, माती, माती. आम्ही मुलं दाराआडून बघतो. माझा भाऊ म्हणाला, खाप्री माती खातात. आम्ही पळालो, आईनं दार लावून घेतलं. नंतर कितीतरी दिवस खेळायचो आम्ही तसं. एकानं खाप्री व्हायचं, माती माती करायचं."

मी त्यांना पुन्हा विचारलं, शब्द हाच होता ना. हाच, त्या म्हणाल्या, कसा विसरेन.

मग मी सांगितलं. स्वाहिलीत पाण्याला माजी म्हणतात. शांगानात माती म्हणतात.

आजी बराच वेळ विहिरीकडे बघत राहिल्या. आता तिच्यावर जाळी आहे आणि पंप बसवलेला आहे.

"म्हणजे तान लागली होती त्याला," त्या म्हणाल्या.